सफरचंद, दालचिनी आणि कोरडा तळ

घरी सफरचंदाचा टार्ट करायला घेणाऱ्याचा पहिला प्रश्न बहुधा मसाल्याचा असतो. दालचिनी किती, जायफळ घालायचे का, लवंग चालेल का. माझ्या मते हा प्रश्न तिसऱ्या क्रमांकाचा आहे. टार्ट जमतो किंवा फसतो तो पाण्यावरून. सफरचंदात शेकडा 85 च्या आसपास पाणी असते. भाजताना ते सुटते आणि थेट तळाच्या पारीत उतरते. ते कुठे जाणार हे आधी ठरवले, तर टार्ट खुसखुशीत होतो; नाही ठरवले, तर वरून सोनेरी आणि खालून कच्च्या कणकेसारखा. दुसरा प्रश्न फळाच्या आंबटपणाचा. मसाल्याची पाळी त्यानंतर येते.

मराठी घरांत ओटीजी आता रुळला आहे आणि टार्टच्या पाककृतींनाही तोटा नाही. पण त्यातल्या बहुतेक दुसऱ्या देशातल्या फळासाठी, तिथल्या लोण्यासाठी आणि तिथल्या थंड हवेसाठी लिहिलेल्या असतात. त्या जशाच्या तशा उचलल्या की मेहनत करूनही निराशा पदरी येते आणि करणाऱ्याला वाटते, आपल्यालाच जमत नाही. म्हणून हा सगळा विषय एकदा आपल्या ओट्यावर मांडून पाहायला हवा.

सफरचंद आणि मसाला ही जोडी फार जुनी. चौदाव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडमध्ये लिहिलेल्या एका कृतीत चांगली सफरचंदे, चांगले मसाले, अंजीर, मनुका आणि नासपती एकत्र कुटायला सांगितली आहेत, रंगासाठी केशर आहे, आणि हे सारण पिठाच्या जाड कवचात घालून भाजायचे आहे. त्यात साखर नाही. साखर तिथे तेव्हा चैनीची वस्तू होती. गोडवा सुक्या मेव्यातून यायचा. पुढे 1514 च्या सुमारास ब्रसेल्समध्ये थॉमस व्हान डर नूट याने डच भाषेतले एक पाकपुस्तक छापले. त्यातल्या सफरचंदाच्या टार्टमध्ये दालचिनी, सुंठ, लवंग, जायफळ, जायपत्री यांच्याबरोबर वेलचीही आहे. वेलची त्या काळी मलबारकडून जात असे. जायफळ-जायपत्री पूर्वेकडच्या बांदा बेटांवरची. त्या बेटांसाठी डच आणि इंग्रज इतके भांडले, की 1667 च्या ब्रेडाच्या तहात रन नावाचे चिमुकले बेट डचांनी ठेवले आणि मॅनहॅटन इंग्रजांकडे राहू दिले. पोळीच्या पुरणात आपण सहज किसून टाकतो त्या जायफळाचे मोल एकेकाळी एवढे होते.

अमेलिया सिमन्सच्या 1796 सालच्या अमेरिकन पाकपुस्तकात सफरचंदाला दालचिनी, जायपत्री, लिंबाची साल आणि गुलाबपाणी आहे. त्यानंतर मात्र साखर स्वस्त होत गेली, मसाल्यांची यादी आखडत गेली आणि शेवटी बऱ्याच ठिकाणी एकटी दालचिनी उरली. फ्रेंचांनी तर बहुतेक टार्टांतून तीही काढली. लामोत-ब्यूव्हरों या गावात ताताँ बहिणींच्या हॉटेलमुळे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस प्रसिद्ध झालेला उलटा टार्ट लोणी आणि जळवलेल्या साखरेवर उभा आहे. हॉलंडच्या जाड, खोलगट टार्टमध्ये मसाला आजही भरपूर असतो. या दोन टोकांपैकी आपली जीभ डचांच्या जवळची आहे असे मला मनापासून वाटते. वेलची-जायफळ घातलेले गोड आपण लहानपणापासून खात आलो आहोत.

आता फळाकडे येऊ, कारण आपली खरी अडचण तिथे आहे.

इंग्लंडमध्ये टार्टसाठी ब्रॅमली वापरतात. हे झाड 1809 मध्ये नॉटिंगहॅमशायरमधल्या साउथवेल इथे एका मुलीने लावलेल्या बियांतून आले. फळ इतके आंबट की ते सहसा कच्चे खात नाहीत. ग्रॅनी स्मिथ हे हिरवे फळ 1868 च्या सुमारास सिडनीजवळ मारिया अ‍ॅन स्मिथ यांच्या बागेत आपोआप उगवलेल्या रोपाचे. तेही आंबट, शिवाय कडक. बाहेरच्या पाककृती अशा फळांसाठी लिहिलेल्या असतात, आणि म्हणून त्यांत साखर बेताने सांगितली तरी ती आपल्याला भलतीच जास्त होते.

आपल्या हातगाडीवर जे लाल सफरचंद असते त्याचे कूळ वेगळे. सॅम्युअल स्टोक्स या अमेरिकन माणसाने 1916 मध्ये शिमल्याजवळच्या कोटगढला डिलिशियस जातीची कलमे लावली आणि तिथून हिमाचलची आजची सफरचंदाची शेती फोफावली. रेड डिलिशियस आणि रॉयल डिलिशियस ही फळे चिरून खायला उत्तम. गोड, रसाळ, वासाची. पण आंबटपणा कमी, आणि भाजली की पिठूळ होतात. त्यांचा टार्ट चवीला सपाट लागतो. तिथे कितीही दालचिनी ओतली तरी फरक पडत नाही. गोडावर गोड वास चढतो, एवढेच.

यावर उपाय मंडईतच आहे. गोल्डन डिलिशियस, म्हणजे फळवाले ज्याला नुसते ‘गोल्डन’ म्हणतात ते पिवळसर फळ, हिमाचलात लाल जातींच्या परागीकरणासाठीही बागेत लावतात. दिसायला साधे, म्हणून बहुधा लाल मालापेक्षा स्वस्त. फ्रान्समध्ये टार्टसाठी हेच फळ सर्रास वापरतात, कारण भाजल्यावर त्याची फोड मऊ होते पण आकार सोडत नाही. ऑगस्ट-सप्टेंबरात ताजे गोल्डन आले की टार्टचा मोसम सुरू झाला असे समजावे. त्याच्या जोडीला एखादे हिरवे ग्रॅनी स्मिथ घेतले तर आंबटपणाचीही सोय होते. दोन जाती मिसळणे मला एका जातीपेक्षा नेहमीच बरे वाटते: एक मऊ होऊन रस देते, दुसरी दाताखाली येते.

फेब्रुवारीनंतर मिळणारे देशी फळ शीतगृहातले असते. साठवणीत सफरचंदातले मॅलिक आम्ल हळूहळू घटते, म्हणून मार्चचे फळ सप्टेंबरच्या फळापेक्षा गोड आणि मवाळ लागते. तेव्हा लिंबू वाढवावे. अर्धा किलो फळाला एरवी एक मोठा चमचा लिंबाचा रस पुरतो. उन्हाळ्यात दीड घालावा, आणि थोडी साल किसून टाकावी. लिंबाने फोडी काळ्याही पडत नाहीत, पण तो फायदा दुय्यम. घरात लालच सफरचंद असेल तर लिंबू दुप्पट आणि साखर निम्मी, एवढे केले तरी टार्ट खाण्याजोगा होतो.

पाण्याचा बंदोबस्त दोन तऱ्हांनी करता येतो. पहिली तऱ्हा अशी: फोडींना साखर आणि लिंबू चोळून अर्धा तास चाळणीत ठेवायच्या. साखर पाणी ओढून घेते आणि खालच्या पातेल्यात पाऊण वाटीभर रस जमतो. तो मंद आचेवर चमचाभर लोण्यासह आटवायचा, मधासारखा दाट झाला की पुन्हा फोडींवर ओतायचा. चव वाया जात नाही, पाणी तेवढे जाते. दुसरी तऱ्हा म्हणजे फोडी कढईत मंद आचेवर, झाकण ठेवून, पाच-सात मिनिटे नुसत्या गरम करायच्या. इथे एक चमत्कारिक गोष्ट घडते. साधारण 60 अंश सेल्सिअसच्या आसपास सफरचंदातले एक विकर जागे होते, ते पेक्टिनचा कस बदलते आणि फळातल्याच कॅल्शियमशी ते पेक्टिन घट्ट बांधले जाते. अशी आधी कोमट झालेली फोड पुढे 200 अंशांच्या ओव्हनमध्येही भुगा होत नाही. उकळू मात्र द्यायचे नाही. उकळी आली की ते विकर मरते आणि हाती मुरंबा येतो.

यांशिवाय पारीवर सारणाखाली चमचाभर भाजलेला रवा भुरभुरावा. व्हिएन्नाच्या सफरचंदाच्या श्ट्रूडेलमध्ये याच कामासाठी लोण्यावर परतलेला पावाचा चुरा घालतात, आणि ही रीत जुनी आहे. श्ट्रूडेलची सर्वांत जुनी हस्तलिखित कृती सतराव्या शतकाच्या शेवटची, व्हिएन्नाच्या ग्रंथालयात जपलेली. आपल्याकडे रवा प्रत्येक घरात असतो. तो रस पितो, फुगतो आणि खाणाऱ्याला कळतही नाही.

पारीबद्दल सविस्तर लिहायला हवे, कारण इथे आपण परके अजिबात नाही. करंजी, शंकरपाळे, चिरोटे करणारा हात टार्टची पारी करू शकतो. पिठाला स्निग्धाने माखायचे, म्हणजे पाणी पिठातल्या प्रथिनांपर्यंत पोचत नाही, चिवट जाळे तयार होत नाही आणि पदार्थ खुसखुशीत राहतो. मोहन घालण्यामागचे तत्त्व हेच. फरक तापमानाचा. शंकरपाळ्याला आपण कडकडीत मोहन घालतो. ते पिठात सगळीकडे सारखे मुरते आणि सगळा पदार्थ एकसारखा ठिसूळ होतो. टार्टला लोणी थंड हवे, कारण त्याचे काही तुकडे पिठात तुकडेच राहायला हवेत. भाजताना तुकडा वितळतो, त्यातल्या पाण्याची वाफ होते आणि पीठ पदरापदराने सुटते. साट्याच्या करंजीत जे पदर आपण लाटून आणि गुंडाळून मिळवतो ते इथे लोण्याच्या तुकड्यांतून मिळतात.

पण ओल्या सारणाखालच्या पारीला नुसते पदर परवडत नाहीत. पदरांच्या फटींतून रस झिरपतो. म्हणून मी दोन्ही रीतींची सांगड घालते. लोण्याचे दोन भाग पिठात पूर्ण चोळायचे, अगदी मुटका वळेपर्यंत. मूठ दाबली की पीठ मुठीच्या आकाराचे राहते, बोटाने टिचकी मारली की फुटते, इथवर आले की थांबायचे. मग उरलेला तिसरा भाग हरभऱ्याच्या डाळीएवढे तुकडे करून टाकायचा आणि तो चोळायचा नाही, फक्त पिठात घोळवायचा. वरून बर्फाचे पाणी चमच्या-चमच्याने. कणीक मळतो तसे मळायचे नाही. गोळा जेमतेम एकत्र आला, कुठे कुठे कोरडा दिसला, तरी चालेल. चपटा करून, झाकून एक तास फ्रिजमध्ये. मुंबई-कोकणात एप्रिल-मेमध्ये ओट्यावर लोणी धड दहा मिनिटे थंड राहत नाही, त्या दिवसांत हे काम सकाळी लवकर उरकावे आणि पीठ, परात, लाटणे सगळेच आधी फ्रिजमध्ये ठेवावे. बोटांच्या पेरांनीच चोळायचे; तळहात गरम असतो.

लोणी कोणते? दुकानातल्या पिवळ्या खारट बटरमध्ये स्निग्धांश निदान शेकडा 80 आणि पाणी 16 पर्यंत असते. ते वापरले तर पिठात वेगळे मीठ घालू नये. बिनमिठाचे मिळाले तर उत्तम. घरचे लोणी चालते, चवीला तर ते सरसच, पण त्यात ताक आणि पाणी जास्त असते. दोन-तीन पाण्यांतून धुऊन, फडक्यात दाबून, घट्ट गोठवून मगच घ्यावे आणि भिजवायचे पाणी कमी करावे. साजूक तुपात पाणीच नसल्यामुळे वाफ होत नाही, पदर सुटत नाहीत. पारी नानकटाईसारखी रवाळ होते. तीही छान लागते, पण तो वेगळा पदार्थ झाला. वनस्पती तुपाने पारी सुबक उभी राहते आणि जिभेवर काहीच ठेवत नाही. एवढ्या कष्टाच्या पदार्थाला ते घालू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

मैदा साधा, नेहमीचा. पूर्ण कणकेची पारी करू पाहणारे पुष्कळ आहेत. गिरणीवर दळताना गव्हाचा स्टार्च बराच दुखावतो, त्यामुळे कणीक पाणी जास्त पिते आणि पारी कडक होते. निम्मा मैदा, निम्मी कणीक घेतली तर गव्हाची खमंग चव येते आणि सफरचंदाला ती शोभते. अंडे लागत नाही. साध्या फ्रेंच पारीत ते नसतेच, त्यामुळे अंडे न खाणाऱ्या घरांना या पदार्थात काहीच गमवावे लागत नाही. वरून चकाकीला दूध किंवा साय पुरते.

आता मसाला. बाजारात दालचिनी म्हणून जी जाड, कडक, एकाच पदराची साल मिळते ती बहुतेकदा कॅसिया असते. खरी दालचिनी पातळ, कागदासारख्या अनेक पदरांची, नखाने मोडणारी. कॅसियाचा वास दणकट आणि तिखटसर, खऱ्या दालचिनीचा गोडसर आणि हलका. कॅसियात कुमारीन नावाचे द्रव्य जास्त असते. युरोपातल्या तज्ज्ञांनी त्याची दिवसाची मर्यादा वजनाच्या दर किलोमागे 0.1 मिलिग्रॅम ठरवली आहे. महिन्यातून एकदा टार्ट खाणाऱ्याने त्याची धास्ती घ्यायचे कारण नाही, पण चवीसाठी खरी दालचिनी शोधावी. ती कोकणात पिकते. दापोलीच्या कृषी विद्यापीठाने ‘कोकण तेज’ ही दालचिनीची जात दिली, जायफळाच्याही जाती दिल्या, आणि रत्नागिरी-सिंधुदुर्गात नारळी-पोफळीच्या बागांत ही झाडे उभी आहेत. कोकणात जाणे-येणे असलेल्यांनी परतताना काजूबरोबर दालचिनीची जुडी आणि सालीसकट जायफळ आणावे.

प्रमाण थोडे हवे. अर्धा ते पाऊण किलो फळाला दालचिनीची पूड सपाट पाऊण चमचा, जायफळ किसणीवर सात-आठ वेळा फिरवून येईल तेवढे, आणि एकाच लवंगेची पूड. लवंगेतले युजेनॉल जीभ बधिर करते, म्हणून दुसरी लवंग नको. वेलची घालायची असेल तर दालचिनी निम्मी करावी. दोघींना पूर्ण प्रमाणात एकत्र आणले की सफरचंदाची चव हरवते. सुंठेची चिमूट गोडाला धार देते, आणि लाल सफरचंद वापरले असेल तर ती खरोखर उपयोगी पडते. ऑलस्पाइस न मिळाल्यास शोधत फिरू नये. दालचिनी-लवंग-जायफळात त्याचे काम होते. मसाला खलबत्त्यात ताजा कुटावा. त्याचा वास स्निग्धात उतरतो, म्हणून तो कोरडा भुरभुरण्यापेक्षा आटवलेल्या रसातल्या लोण्यात मिसळला तर जास्त खुलतो.

टार्टचे प्रकार पुष्कळ: तळ आधी कोरा भाजून घेतलेला साच्यातला टार्ट, वर अंडे-सायीचे मिश्रण ओतलेला अल्सेसचा, जाळीदार झाकणाचा, उलटा. घरी पहिल्यांदा करणाऱ्याने माझे ऐकावे आणि बिनसाच्याचा मोकळा टार्ट करावा. पारी भाकरीसारखी गोल लाटायची, मध्ये सारण, कडा आत मुडपायच्या. साचा नसल्यामुळे वाफेला बाहेर पडायला वाट मिळते आणि तळ भाजला जातो.

मैदा 200 ग्रॅम, थंड लोणी 120 ग्रॅम, साखर एक चमचा, बर्फाचे पाणी 45 ते 50 मिलिलिटर. सारणाला 600 ग्रॅम सफरचंदे, सोलून अर्ध्या सेंटिमीटर जाडीच्या चकत्या; साखर 60 ग्रॅम, लिंबू, मसाला, आणि रस आटवायला थोडे लोणी. बेकिंगच्या कागदावरच पारी लाटावी, साधारण 30 सेंटिमीटर व्यासाची. मध्ये रवा, त्यावर फोडी कडेपासून चार बोटे आत. कडा घड्या घालत मुडपून, दूध लावून, वर साखर भुरभुरून सगळा टार्ट पुन्हा वीस मिनिटे फ्रिजमध्ये. ही पायरी गाळली तर ओव्हनमध्ये लोणी आधी वितळते आणि घड्या उलगडतात.

भाजण्याचे मर्म खालच्या आचेत आहे. गोव्याच्या बेबिंकाला एकेक थर शिजवायला वरून निखाऱ्यांची आच देतात. टार्टला नेमके उलटे हवे. ओटीजी 200 अंशांवर निदान वीस मिनिटे तापवावा. दिवा विझला म्हणजे आतली हवा तापली, पत्रा नव्हे. तापवताना आत काळा लोखंडी ट्रे पालथा ठेवावा, खालच्या कप्प्यात, आणि कागदासकट टार्ट त्या तापलेल्या ट्रेवर सरकवावा. चकाकता अ‍ॅल्युमिनियम उष्णता परतवतो, काचेचे भांडे उशिरा तापते. एअरफ्रायरमध्ये पंख्याची आच वरून येते, म्हणून तिथे तळहाताएवढे छोटे टार्टच करावेत.

चाळीस ते पंचेचाळीस मिनिटे लागतात. पंचविसाव्या मिनिटाला घरभर दालचिनी दरवळते आणि टार्ट झाला असे वाटू लागते. तो झालेला नसतो. वरची कड सोनेरी दिसली तरी थांबावे; पातळ कलथ्याने एक बाजू हळूच उचलून खाली पाहावे. तळ पांढरट असेल, कलथ्यावर वाकत असेल, तर वरून फॉइल टाकून आणखी दहा मिनिटे. तळ मारी बिस्किटाच्या रंगाचा झाला, उचलल्यावर पारी ताठ राहिली आणि घड्यांच्या कडेला रस दाट बुडबुडे काढू लागला, की बाहेर काढावा.

काढल्यावर ताटात ठेवू नये, जाळीवर ठेवावा. ताटात वाफ खाली अडते आणि इतका वेळ जपलेला तळ पाच मिनिटांत ओला होतो. कापायला निदान पाऊण तास जाऊ द्यावा, तोवर पेक्टिन आणि रवा मिळून रस धरून ठेवतात. सोबत थोडी थंड साय किंवा गोड न केलेला चक्का द्यावा. व्हॅनिला आइस्क्रीम चालते, पण चक्क्याचा आंबटपणा आपल्या गोड सफरचंदांना जास्त मानवतो. उरलेला टार्ट रात्रभर बाहेर, जाळीच्या झाकणाखाली राहतो. पावसाळ्यात मात्र फ्रिजमध्ये. दुसऱ्या दिवशी मायक्रोवेव्हमध्ये घालू नये, पारी चामट होते. कोरड्या तव्यावर, झाकण न ठेवता, मंद आचेवर पाच-सहा मिनिटे ठेवला की तळ पुन्हा कुरकुरीत होतो.